तेराव्या महिन्याचा बेल्ट

तुळश्या, बेल्टच तुटला होता.

पुढचं कव्हर खोललं तेव्हा खात्री पटली. पट्ट्याचे दात वीतभर सोलून निघाले होते आणि उरलेला पट्टा तेलात भिजून मऊ पडला होता. तो ओढून काढावा, तुझ्या तोंडासमोर धरावा आणि म्हणावं, आता बोल बे. पण तसं काही केलं नाही, कव्हर परत लावून टाकलं. एवढी वर्षं भांडलो आणि जिंकलो तेव्हा समोर कोणी नाही. तुझी ही खोड जुनीच. हरायची वेळ आली की तू चहा सांगायला उठायचास.

गावात लोक म्हणतात, तुळशीरामचा काळ आला होता. हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. रेतीचा टिप्पर आला होता. तो येण्याआधी तुझी गाडी पुलाच्या मधोमध बंद पडली होती, आणि ती बंद पडली कारण एक रबरी पट्टा तू वेळेवर बदलू दिला नाहीस. काळाला यात कोणी बोलावलं नव्हतं. पण माणूस मेला की त्याच्या मूर्खपणाला काहीतरी मोठं नाव द्यायची आपल्याकडे रीत आहे.

हे मला ठाऊक होतं, शेवंतावहिनीला नव्हतं. तुझी बायको त्या वेळी गाडीतच होती आणि स्टेअरिंग तिच्या हातात होतं. गाडी कशानं बंद पडली हे ती कधीतरी मला विचारणारच होती, कारण तुझ्या गाडीचा मिस्त्री मी. खरं सांगायचं की पोटात ठेवायचं, हा एकच प्रश्न घेऊन मी तुझी तेरवी होईपर्यंत फिरत होतो. आज सकाळी ती गॅरेजवर आली. ते शेवटी सांगतो. आधी तुला चार शब्द सुनावायचे आहेत.

त्या दिवशी तुम्ही दोघं कोंढ्याहून खताची पोती घेऊन परत येत होता. भरदुपार होती, पाऊस उघडला होता. पुढचं मला वहिनीनं पोलिसांना सांगितलेलं ऐकून माहीत. "खट् वाजलं अन् बंद पडली," ती म्हणाली. "त्यायनं दोनदा चाबी फिरवली. मंग म्हनले, तू स्टेरिंग धर, मी मागून धकलतो." एवढ्यावरून मला सगळं दिसलं. पट्टा तुटलेलं इंजिन सेल्फ मारला की मोकळंच फिरतं, त्याला काही ओझंच वाटत नाही. तो आवाज तू ओळखला असणार. त्या क्षणी तुला माझी आठवण आली असणार आणि तू मला एक सणसणीत शिवी घातली असणार, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

मग तू उतरलास. आडदांड माणूस तू, पोत्यांनी भरलेली गाडी एकट्यानं ढकलायला लागलास. पूल संपायला थोडंच राहिलं होतं. मागून टिप्पर आला. गाडी एकदम पुढे सरकली तेव्हा वहिनीला वाटलं, तू जोर लावलास.

हे तिनं पोलिसांना सांगितलं नाही. माझ्या बायकोला सांगितलं, आणि माझ्या बायकोनं मला सांगितलं. त्या दिवसापासून मला जेवण नीट जात नाही आणि त्याचा राग मी तुझ्यावरच काढतो आहे, दुसऱ्या कोणावर काढू.

तुला जाळतानाही तू त्रास दिलास. पावसाळ्यातली लाकडं, वरून टाकलेला कागद-तुराट्याही ओल्याच. तू पेटेनास. लोक एकमेकांकडे पाहत उभे होते. शेवटी कोणीतरी म्हणालं, डिझेल आणा. पेट्रोलपंप लांब, पण पंचनामा होऊन तुझी गाडी ट्रॅक्टरला बांधून माझ्या शेडपाशी आणलेली होती, टाकी अर्धी भरलेली. नळी घालून तोंडानं ओढून डिझेल मीच काढलं. तोंडात तुझ्या गाडीचं डिझेल घेऊन मी तुझ्या जळण्याकडे पाहत होतो, आणि मनात आलं, थंडीत तुझी गाडीही अशीच, इंजिन तापवणारे ग्लो प्लग गेलेले, दहा मिनिटं घुरघुरल्याशिवाय पेट घ्यायची नाही. मला हसू आलं. लोकांना वाटलं मी रडतो आहे, दोघातिघांनी पाठीवर हात ठेवले. ठेवू दिले मी.

तेरवीलाही तसंच. जेवायला बसलेला एक जण म्हणाला, तुळशीरामनं कधी कोणाचं काम अडू दिलं नाही, गाडी सदा तयार. मी ताटावरून उठून हात धुवायला गेलो. सदा तयार! रेडिएटरचा पाइप सायकलच्या ट्यूबनं बांधलेला, सायलेन्सर तारेनं लटकवलेला, आणि क्लच असा की गिअर टाकताना तू आधी वरच्याला नमस्कार करायचास.

पण एक गोष्ट आहे, ती इथेच सांगून टाकतो, नाहीतर पुढे रागात राहून जाईल. दिघोरीच्या रस्त्यावर मी चार पत्रे टाकून शेड उभी केली आणि गाडीखाली शिरून काम करायला जमिनीत खड्डा खणला, तेव्हा पहिले काही महिने तिथे फक्त आमच्या वस्तीतल्या सायकली आणि एक लुना आली. बाप म्हणायचा, आयटीआय केलास, जवाहरनगरला फॅक्टरीत लाग, क्वार्टर मिळेल, बस दारात येईल. तो स्वतः तिथून रिटायर झालेला. मी ऐकलं नाही. गावातले ट्रॅक्टरवाले, टेम्पोवाले रस्त्यानं जाताना बघायचे आणि पुढे लाखांदूरला जायचे. बौद्ध वस्तीतल्या मिस्त्रीकडे गाडी लावायची म्हणजे त्यांना कसंसंच व्हायचं. तोंडानं कोणी काही म्हणत नव्हतं, नुसते जात होते.

तू थांबलास. तेव्हा तू ही पिकअप नुकतीच घेतली होतीस, चौथ्या की पाचव्या मालकाकडून. गाडी खड्ड्यावर उभी केलीस आणि खाली उतरून म्हणालास, "पाह्य बे, काय काय सडलं हाय."

मी विचारलं, "किलोमीटर किती झाले?"

"काटा बंद हाय."

"कवापासून?"

"मले काय मालूम. मी घेतली तवा बंदच होता. म्हनून त सस्ती भेटली."

तू माझ्या शेडमध्ये माझ्या कपातून चहा प्यालास, रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला हाक मारून बोलावलंस आणि माझ्यासमोर त्यांना सांगितलंस की या पोराचा हात चांगला आहे. तोवर मी तुझ्या गाडीला हातही लावला नव्हता. त्या दिवाळीपर्यंत माझ्या खड्ड्यावर ट्रॅक्टर उभे राहू लागले. शेवंतावहिनीच्या हातची लाखोरीची डाळ मी किती वर्षं खाल्ली याचा हिशेब नाही. हे उपकार आहेत, तुळश्या, आणि मी ते मानतो. म्हणून तर तुझ्यावर एवढा चिडलो आहे.

आता बेल्टचं. हे तुला शंभर वेळा सांगून झालं होतं, पण तू कान दिला नाहीस, म्हणून मेल्यावर ऐक. गाडीतले झिजणारे पार्ट दोन जातीचे असतात. एक बोलतात. ब्रेकचा शू झिजला की ओरडतो, क्लच प्लेट जळाली की वास सुटतो, पिस्टनच्या रिंगा गेल्या की मागून निळा धूर आणि तेलाचं झाकण उघडलं तर आतून फुसफुस वाफ. वॉटर पंप जायचा असेल तर आधी त्याच्या खालच्या भोकातून पाणी गळतं. हे पार्ट तुम्हाला मुदत देतात. जुन्या, खूप पळालेल्या गाडीत यांना शेवटपर्यंत वापरलं तरी चालतं, खिशाला बरं पडतं, मी स्वतः तसंच सांगतो लोकांना. दुसरी जात मुक्यांची. टायमिंगचा पट्टा त्यातला. इंजिनाचा खालचा भाग आणि वरचे वॉल, म्हणजे झडपा, या एका रबरी दातेरी पट्ट्यावर जोडीनं फिरतात. तो चांगला असताना आवाज करत नाही आणि मरायला टेकला तरी करत नाही. तुटला की त्याच क्षणी इंजिन बंद, आणि पिस्टन वर येऊन वॉल वाकवून टाकतो. म्हणून त्याला धडधाकट असतानाच काढायचा असतो. काढल्यावर गिऱ्हाईक म्हणतं, अरे, हा तर चांगला होता. चांगला होता म्हणूनच तर तू घरी पोचलास, बाबा.

तुझा नियम वेगळा. बोलणारा असो की मुका, तुझ्या गाडीचा कुठलाही झिजलेला पार्ट वर्षातून एकाच दिवशी निघायचा, मारबतीच्या दिवशी.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सकाळी तुमच्या आळीतून ओरडा सुरू होतो. दारात खोचलेले पळसाचे मेढे उपटायचे, घरातली फुटकी सुपं, झिजलेले झाडू गोळा करायचे आणि रोगराई, ईडापीडा, ढेकूण-पिसवा सगळं घेऊन जा गे मारबत, असं बोंबलत गावाबाहेर नेऊन टाकायचं. तू त्यात माझ्या शेडमधून निघालेल्या वस्तू घेऊन जायचास. आदल्या दिवशी गाडी माझ्याकडे लावायची, मी रात्रीपर्यंत तयारी करून ठेवायची आणि सूर्य उगवला की खोलाखोल. घासलेले ब्रेक शू, फुगलेले पाइप, फिल्टर, बेल्ट, सगळं एका पोत्यात भरून तू खांद्यावर घ्यायचास आणि लोकांच्या मागून ओरडत जायचास, "घिसला पट्टा, फुटला पाइप, घेऊन जा गे मारबत." पोरं हसायची. मीही शेडच्या दारात उभा राहून हसायचो. आमच्या घरी हे प्रकार नाहीत.

मी म्हणायचो, "तुळश्या, बेल्टले पंचांग समजत नाही बे."

तू म्हणायचास, "अन् तुले काय समजते? काटा त बंद हाय. तू कोनते किलोमीटर मोजून राहिला? मारबत कमीत कमी दरसाल येते."

बाहेर कबूल केलं नाही कधी, पण काटा बंद असलेल्या गाडीला वर्षाचा नियम काही वाईट नाही. उलट माझ्या बाकीच्या गिऱ्हाइकांपेक्षा तू बरा होतास. ते तर तुटेपर्यंत येतच नाहीत. तुझ्या पोत्यात गेलेले अर्धे पार्ट अजून सहा महिने चालले असते. तू एवढा पुढचा विचार करणारा माणूस होतास आणि तुला ते माहीतही नव्हतं. मला राग यायचा तो याचाच, की चुकीच्या रस्त्यानं तू बरोबर जागी पोचायचास.

मात्र अध्येमध्ये काही काढायचं नाही म्हणजे नाही. बांधून घ्यायचं, चिकटवून घ्यायचं, मारबतीपर्यंत ढकलायचं. एकदा पवनीच्या बाजारातून येताना पंख्याचा पट्टा तुटला. तू सायकलची ट्यूब कापून, पीळ देऊन तिथे बांधलीस आणि रडतखडत शेडपर्यंत आलास. मी नवा पट्टा काढला तर तू माझा हात धरलास. "नाही. हा तुटलेला आपोआप गेला, त्याचं काही नाही. पन आता ट्यूब लागली हाय, ती चालून राहिली. चालती वस्तू काढाची नाही." ती ट्यूब तू पुढे महिनाभर वापरलीस. मी तुला त्या दिवशी गाढव म्हणालो होतो आणि आजही तेच म्हणतो.

हे खूळ तुला कुठून लागलं ते गावात सगळ्यांना माहीत आहे, पण तुझ्यासमोर कोणी त्याचं नाव काढत नव्हतं. मी काढतो. गाडी घेऊन दोन वर्षं झाली असतील. निळा धूर फार वाढला म्हणून माघात मी इंजिन उतरवलं आणि रिंगा बदलल्या. गाडी नवीन असल्यासारखी ओढायला लागली, तू खूष होऊन मला मिठी मारलीस. त्याच आठवड्यात तुझा आकाश तापानं गेला. तीन वर्षांचं पोरगं. भंडाऱ्याला नेईपर्यंत संपलं. त्याला पुरून आलात तेव्हा ओसरीत बसलेली कोणी म्हातारी बोलून गेली, चालत्या गाडीचं जुनं लोखंड काढलं, त्याच्या बदल्यात घरातलं गेलं. ती बोलली आणि चहा पिऊन आपल्या घरी गेली. शेवंतावहिनीनं ते धरून ठेवलं.

तिचं म्हणणं तू मला एकदाच सांगितलंस, खड्ड्याच्या कडेला बसून, माझ्याकडे न बघता. "ते म्हनते, चालती वस्तू काढली की तिची जागा कोनीतरी भरते. मारबतीच्या दिवशी काढलं त सगळी बला गावाबाहेर जाते, घराकडं फिरकत नाही." मी तोंड उघडलं तर तू म्हणालास, "तू बोलू नको, अशोक्या. तुह्याच हातानं रिंगा बदलल्या होत्या." मला तेव्हा तुझ्या कानाखाली वाजवावीशी वाटली. वाजवली नाही. त्यानंतर तुम्हाला दुसरं मूल झालं नाही, आणि दर मारबतीला ते पोतं खांद्यावर घेऊन बोंबलत जाताना तू कोणासाठी बोंबलतोस हे मला कळत असे. घरात आता एकच माणूस उरलं होतं, त्याला तू राखत होतास.

आणि मग यंदा अधिक महिना आला. ज्येष्ठ दोन आले आणि पोळा महिनाभर पुढे सरकला. दोन मारबतींच्या मध्ये बाराच्या जागी तेरा महिने पडले. ब्राह्मणानं पंचांग केलं तेव्हा तुझ्या इंजिनाला विचारलं नव्हतं. त्यात यंदा तू खताच्या फेऱ्या धरल्या होत्यास, धानाच्या रोवणीत मजूर बाया पोचवत होतास, गाडीला दम नव्हता. एरवीच्या वर्षात जेवढी पळते त्याच्या दीडपट पळाली असेल, आणि पट्टा मात्र मागच्या मारबतीचा.

आखाडात तू आलास तो पुढून तेल गळतंय म्हणून. मी कव्हर खोललं. वरचं तेलाचं सील गेलं होतं आणि तेल थेट पट्ट्यावर ठिबकत होतं. रबराला तेल लागलं की ते कुजतं, हे तुझ्या म्हशीलाही समजावून सांगता येईल. पट्ट्याच्या कडेचे धागे सुटलेले मी तुला बोटानं दाखवले.

"हे आजच काढाचं," मी म्हणालो. "अन् सील पन."

"मारबतीले."

"मारबत यंदा लांब हाय, बे. अधिक पडला."

"मग थोडं लांब. एवढे साल गेले, एक महिना नाही जाईन?"

"जाईन का नाही ते मी सांगू का तू सांगशीन?"

"तू सील पुस, कपडा बांध," तू म्हणालास. "पट्ट्याले हात लावू नको."

मी पाना फेकला होता. तो पत्र्यावर आपटला आणि तू हसलास. जाताना म्हणालास, घरी विचारून पाहतो. मला वाटलं, झालं, निदान विचारणार तरी आहे. पुढच्या आठवड्यात तू शेडवरून हॉर्न वाजवत गेलास, हात दाखवलास आणि थांबला नाहीस. त्या हॉर्नचा अर्थ मला लागला होता. अधिक नसता तर पोळा कधीच होऊन गेला असता आणि तू नव्या पट्ट्यावर त्या पुलावरून सुखानं खत घेऊन घरी आला असतास. हे मी रोज डोक्यात फिरवतो. तुला हे सांगून काही उपयोग नाही, पण मला एकट्याला का जाळावं, तूही ऐक.

तर वहिनी आज सकाळी आली. तेरवी काल झाली, आज लगेच बाई घराबाहेर पडली म्हणून रस्त्यावरचे दोघे-तिघे वळून पाहत होते. तिनं त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. गाडीच्या मागच्या बाजूला गेली. तिकडचा पत्रा आत दबला आहे, ते तुला माहीत असणार, मध्ये तूच होतास. तिथे ती जरा वेळ उभी राहिली. मग फिरून पुढे आली.

"अशोकभाऊ, कायनं बंद पडली?"

तुला सांगतो, मी खोटं तयार ठेवलं होतं. डिझेलमध्ये कचरा, हवा धरली, वायर सुटली. यातलं काहीही सांगितलं असतं तर तिनं मान हलवली असती. पण तिच्याकडे बघून खोटं तोंडातून निघेना. आणि खरं सांगायचं तर माझ्यातला जो मिस्त्री आहे, त्याला कोणाच्या तरी तोंडून आपण बरोबर होतो असं ऐकायचंच होतं. एवढा मी चांगला माणूस नाही.

"टायमिंगचा पट्टा तुटला, वहिनी."

"तोच का, तुमी आखाडात म्हनलं होतं तो?"

"तोच."

"तवा काढला असता त?"

मी हातातल्या फडक्यानं हात पुसले. पुसायला काही नव्हतं. "त बंद पडली नसती," मी म्हणालो.

तिनं मान हलवली. रडली नाही, की डोळ्याला पदरही लावला नाही. मला वाटलं होतं ती खाली बसेल. "त्यायनं मले विचारलं होतं," ती म्हणाली. "अशोक्या लय बोंबलून राहिला, काढू का, म्हनले. मी नाही म्हनलं. मी म्हनलं, एकदा काढलं अन् काय झालं ते पाह्यलं ना. ते काही बोलले नाही मंग."

तू घरी विचारतो म्हणालास आणि खरंच विचारलंस, याचाच मला धक्का बसला. एवढी वर्षं मला वाटत होतं की डोकं तुझंच गोटा आहे. म्हणजे हॉर्न वाजवून पुढे गेलास तेव्हा तू माझ्यापासून तोंड लपवत होतास. तिचं नाव सांगितलंस तर मी तिला नाही ते बोलेन, ही भीती तुला होती. बरोबर होती. मी बोललोच असतो.

"किती दिवस लागतीन सुदरवाले?" तिनं विचारलं.

"हेड उतरवा लागन. वॉल वाकले असतीन. मागचा पत्रा वेगळा. पन होईन. तुमी चालवनार कोनाच्या भरोशावर?"

"मामाचा पोरगा येतो म्हनते. गाडी चालली पाह्यजे. नाही त मी खाऊ काय?"

"होईन," मी परत म्हणालो. आणि मग, तुळश्या, माझ्या तोंडून जे निघालं ते ऐकून तू असतास तर हसून हसून खड्ड्यात पडला असतास. मी म्हणालो, "वहिनी, परवा मारबत हाय. दोनच दिवसाचा सवाल हाय. तवाच हात लावतो मी, पहाटेच खोलतो. ते जुनं सगळं मीच नेऊन टाकीन गावाबाहेर."

मी, अशोक, हे म्हणालो. ज्यानं तुला वीस वर्षं गाढव म्हटलं, त्यानं.

वहिनी माझ्याकडे पाहतच राहिली. मला वाटलं तिला बरं वाटेल.

"कायले?" ती म्हणाली. "आता घरात मी एकटीच आहो. मले नेते त नेऊ दे. तुमी आजच काढा."

मी बॉनेट वर केलं आणि कव्हरचे बोल्ट सोडवू लागलो. तुटलेला पट्टा ओढून बाहेर काढेपर्यंत ती गाडीला हात लावून उभी होती. मग पदर डोक्यावर घेऊन घराकडे गेली.